दुधातली पूड

कारखान्यात लहानथोर सगळे तिला ताईच म्हणत. कोंबड्यांच्या खाद्यात जो बारीक माल पडतो, म्हणजे जीवनसत्त्वं, क्षार, पांढऱ्या पुडी, तो तोलायचं काम एकवीस वर्षं तिच्याकडे होतं आणि तिच्या तोलात ग्रॅमचीही चूक कुणाला सापडली नव्हती. याचा तिला गर्व होता. असायला हरकत नव्हती, पण तो गर्व ती घरीही घेऊन यायची, आणि सगळा घोटाळा तिथेच झाला.

घरी धाकटा भाऊ होता. फरश्या बसवायचा. हात इतका साफ की दोन फरश्यांच्या सांध्यात नख अडकायचं नाही. आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा होता, ताईनेच त्याला भरवून वाढवलं. पुढ्यात काय आलंय हे तो कधी बघायचाही नाही. ताईने वाढलंय ना, मग बघायचं काय! पण गेल्या हिवाळ्यापासून तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. काम सुटलं, दाढी वाढली, बोलणं बंद झालं. शेवटी एका डॉक्टरने गोळ्या लिहून दिल्या, तर ताईने घर डोक्यावर घेतलं.

"वेड्यांच्या गोळ्या माझ्या घरात नकोत! तुला काय धाड भरलीय? धड जेवत नाहीस, म्हणून असा झालायस."

त्याने नुसती मान डोलावली. ताईपुढे ब्र काढायची त्याला सवय नव्हती.

त्याच सुमारास एका फार्मवरून तक्रार आली की कोंबड्या एकमेकींना रक्त निघेस्तोवर टोचतायत. कारखान्याचे पशुवैद्य ताईच्या टेबलाशी आले आणि त्यांनी एका पुडीचं प्रमाण वाढवून दिलं. ट्रिप्टोफॅन.

"एवढ्याशाने मारामारी थांबेल?" ताईने विचारलं.

"थांबेल की. डोकं शांत ठेवणारं एक द्रव्य असतं, सिरोटोनिन. शरीर ते या पुडीपासून बनवतं. ही मात्र शरीराला बनवता येत नाही, खाण्यातूनच यावी लागते. सोबत बी-सहा जीवनसत्त्व हवं, लोह हवं. एक कमी पडलं की गाडं अडलं."

"आणि माणसांचं?"

"माणसांचंही तेच," म्हणत त्यांनी कागदावर सही केली आणि घाईने निघून गेले. ताईनेही पुढे काही विचारलं नाही. तिला हवं ते उत्तर मिळालं होतं.

पंधरा दिवसांत कोंबड्या निवल्या. ताईने आधी अंडी, केळी, भोपळ्याच्या बिया असं सगळं घरात आणून टाकलं. भाऊ दोन घास खाऊन ताट सरकवायचा. मग एके दिवशी तिने ती पूड कागदात बांधून घरी आणली. आयुष्यातली पहिली चोरी. रोज सकाळी दोन ग्रॅम तोलून, दुप्पट साखर घालून ती त्याच्या दुधात ढवळू लागली.

तिसऱ्या आठवड्यात भाऊ उठला. दाढी केली, न्हाणीघरातली सुटलेली फरशी बसवली आणि म्हणाला, "ताई, ही आधी कुणी बसवली होती गं? त्याला म्हणावं, धंदा सोड." बसवली होती त्यानेच. ताई पोट धरून हसली, मग स्वयंपाकघरात जाऊन रडली. आणि मग जे कारखान्यात तिने सहीच्या कागदाशिवाय कधी केलं नसतं, ते घरी केलं. दोनाचे चार केले, चाराचे सहा.

रविवारी सकाळी त्याच्या हातातून पेला निसटला. हात लटलट कापत होते, अंग भाजत होतं, पाय आपोआप झटके देत होते, जबडा घट्ट मिटला होता. ताईने शेजाऱ्यांना हाका मारल्या. शेजाऱ्यांनी गाडी काढली म्हणून तो दवाखान्यात तरी पोचला.

"औषधं कोणती चालू आहेत?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"कसलीच नाहीत. गोळ्या मीच बंद करवल्या."

नर्सने त्याचा शर्ट आणून दिला. खिशात गोळ्यांच्या दोन रिकाम्या पट्ट्या होत्या, आणि तिसरी अर्ध्याहून जास्त संपलेली. ताईला दुखवायचं नाही म्हणून तो दीड महिना चोरून गोळ्या घेत होता. तो उठला होता तो त्या गोळ्यांनी.

"नुसत्या या गोळ्यांनी इतकं होणार नाही. अजून काय दिलंत? लवकर सांगा, हातात वेळ नाही."

बोललं तर नोकरी जाणार होती. बहिणीनेच दुधात घातलं, असं जन्मभर ऐकावं लागणार होतं. पण पलीकडे भावाच्या टाचा पलंगावर आपटत होत्या. ताईने सांगितलं. पुडीचं नाव, सहा ग्रॅम, रोज, दुधातून, दहा दिवस.

डॉक्टरीणबाई तेवढं लिहून घेत उठल्या. "गोळी डोक्यातलं सिरोटोनिन साठवून धरत होती, बाई. आणि तुम्ही वरून ओतत होतात," एवढं बोलून त्या आत धावल्या.

चौथ्या दिवशी तो शुद्धीवर आला. हातांची थरथर राहिली होती. जाईल कदाचित, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कधी ते त्यांनी सांगितलं नाही. ताईने त्याच्या उशाशी बसून सगळं कबूल केलं, एकही ग्रॅम न लपवता.

"जाऊ दे, ताई," तो म्हणाला. "पाणी दे."

तिने पेला भरून दिला. त्याने तो दोन्ही थरथरत्या हातांनी धरला, आणि तोंडाला लावण्याआधी वाकून आत पाहिलं.