कावळा अजून आलेला नाही

माझी घंटी गंजून बसली आहे, त्यामुळे ती वाजवून तुमचं लक्ष वेधता येत नाही. सरळच सांगते. मी सायकल. काळी, उंच सीटची, पुढच्या चाकाला दोन तारा कमी असलेली. दुबई संपते तिथून पुढे वाळूचा माळ आहे. त्या माळावर नव्यानं बांधलेल्या घरांच्या रांगेत, सात नंबरच्या भिंतीला टेकून मी उभी असते.

कारखान्याचं मला फारसं आठवत नाही. आठवतं ते दुबई शहरातल्या अल कुसैसचं घर. नागेशनं मला तिथं आणलं, एका देश सोडून चाललेल्या माणसाकडून. संध्याकाळी पँटच्या पायाला रबरबँड लावून तो मला लिफ्टमधून खाली न्यायचा. कोथिंबीर आणतो म्हणून निघायचा आणि तासाभरानं कोथिंबिरीशिवाय परत यायचा. उरलेला वेळ मी बाल्कनीत. समोरच्या एसीवर कावळे बसत आणि माझी सीट घाण करत. त्याची बायको लतिका त्यांना फडक्यानं हाकलायची.

माळावरचं घर नागेशनंच बुक केलं. ताबा मिळायच्या आधी तो गेला. ऑफिसखालच्या पार्किंगमध्ये, गाडीत बसल्या बसल्या. वय एकोणपन्नास.

दहाव्याला चिपळूणजवळच्या त्याच्या गावी पिंडाला कावळा शिवला नाही. लतिका परत आल्यावर बाल्कनीतून बहिणीला फोनवर सांगत होती, तेव्हा मला कळलं. दोन तास सगळे हात जोडून उभे होते. दिरानं आईला सांभाळीन म्हटलं, सासूनं नातीला अंतर देणार नाही म्हटलं. मग सगळे लतिकेकडे बघायला लागले. तिला शब्द फुटला नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला.

"त्याचं काहीतरी माझ्यापाशी अडकलंय," ती बहिणीला म्हणाली, "आणि ते तिथं सगळ्यांना कळलं."

वर्ष भरलं त्या दिवशी लतिका आणि तिची मुलगी सान्वी या नव्या घरात येऊन तीन आठवडे झाले होते. श्राद्ध गावी दीर करणार होता. लतिकेला फक्त एक पान ठेवायचं होतं आणि ते कावळ्यानं खाल्लेलं स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. पहाटे उठून तिनं भात, वरण, खीर, उडदाचे वडे केले. कंपाउंडच्या भिंतीवर केळीचं पान मांडलं आणि हात जोडून उभी राहिली.

धुकं इतकं दाट होतं की समोरची घरं पुसली गेली होती. दहा वाजले, अकरा वाजले. काही आलं नाही. मग तिच्या लक्षात आलं की या घरात आल्यापासून तिनं एकदाही काव ऐकलेलं नाही. इथं झाड नाही, तार नाही. तिला गाडी चालवता येत नाही आणि धुक्यात टॅक्सी मिळेना.

तिनं सगळं डब्यात भरलं, पान गुंडाळलं आणि माझ्या कॅरिअरला बांधलं. पंधरा वर्षांची सान्वी दारात येऊन म्हणाली, "मम्मा, दिस इज नॉट सेफ. डॅड वुडन्ट केअर अबाउट अ क्रो."

"मला पर्वा आहे ना," लतिका म्हणाली.

शाळेत असताना भाड्याच्या सायकली चालवलेले तिचे पाय. माझी सीट तिला उंच. तरी आम्ही निघालो. नवी वस्ती तिनं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली म्हणा ना. अर्धी बांधलेली मशीद, पाण्याची टाकी, पाटी लागलेली पण गेट बंद असलेली शाळा, काठीला बांधलेली गुडघाभर रोपं. प्रत्येक ठिकाणी ती थांबायची, वर बघायची. तेवढ्यात वारा सुटला. धुकं उडालं आणि वाळू आली. ओढणी तोंडाला गुंडाळून ती मला रेटत राहिली. बारा वाजून गेले होते.

रस्ता संपला तिथं गाफचं, म्हणजे आपल्या शमीचं, एक जुनं झाड होतं. तिनं मला खोडाला टेकवलं, पान मांडलं, चारी कडांना दगड ठेवले. आभाळ रिकामंच होतं. मग ती बोलली. वर्षभरात मी न ऐकलेलं बोलली.

"त्या दिवशी गाडीतून केलेला तुझा फोन मीच कापला. नंतर करते म्हणून मेसेज टाकला. तू कशाला करत होतास, मला माहीत नव्हतं रे."

मला हात असते तर.

मागं कुणीतरी खाकरलं. बाजूच्या बांधकामावरचा वॉचमन, नाव दगडू, गाव संगमेश्वर. पान बघूनच त्यानं डोक्यावरचं हेल्मेट काढलं होतं.

"इकडं कावळा आहे का हो?" तिनं विचारलं.

"नाय ताई. कावला माणसाच्या मागनं येतो. इथं अजून माणूसच कुठं आलाय?"

मग त्यानंच सांगितलं. त्याची आई गेली तेव्हा सुट्टी मिळाली नाही. भावानं घाटावरून व्हिडिओ कॉल लावला. पिंडाजवळ कावळा आला आणि नेमकं नेट अडकून स्क्रीनवर ते गोल चक्र फिरत राहिलं. भाऊ म्हणतो, शिवला.

"मी बगलं नाय," दगडू म्हणाला. "तीन वर्सं झाली. मानून चाललोय."

पाऊस आला तो इशारा न देता. खीर पांढरी वाहून गेली, वडे फुगले, पान दगडांखालून सुटलं. दगडूनं शेडमध्ये बोलावलं. लतिका गेली नाही. सगळं वाहून जाईपर्यंत ती उभी होती. मग मला हातानं ढकलत घरी आली, कारण ओली वाळू जाऊन माझी चेन अडकली होती.

ती अजून अडकलेलीच आहे. सीट फाटली, कॅरिअरला खिरीचा चिकटा आहे, त्याला मुंग्यासुद्धा लागल्या नाहीत. लतिका रोज सकाळी ऑफिसच्या बसला जाण्याआधी माझ्या डोक्यावरच्या भिंतीवर पोळीचे तुकडे ठेवते. संध्याकाळी ते वाळून तसेच असतात. काल सान्वी म्हणाली, "मम्मा, रॅट्स विल कम."

"येऊ देत," लतिका म्हणाली. "कुणीतरी येऊ दे."

तुमच्या खिडकीत येत असतील कावळे. लतिकेसारखं फडकं घेऊन त्यांना हाकलू नका. आणि कुणी या बाजूला येणार असाल, तर माझ्या चेनसाठी थोडं तेल आणा. त्या झाडाच्या पलीकडेही माळ आहे, आणि तो आम्ही अजून पाहिलेला नाही.