ऑर्गनच्या मागं

फुलसावंगीच्या शिवारात वानरं आता कशालाच भीत नाहीत. फटाके झाले, थाळ्या झाल्या. एकाने भोंग्यावर वाघाची डरकाळी लावली, तर दुसऱ्या दिवशी एक वानरीण त्याच भोंग्यावर बसून पिल्लाला पाजत होती. वानरं भीत होती ती एकाच माणसाला. आमच्या शेजारच्या बंजारा तांड्यातल्या खेमसिंगच्या आईला, रुपीबाईला. तिच्या हाकेमागून गोफणीचा दगड यायचा आणि तो चुकायचा नाही.

रुपीबाईचे गुडघे गेले तेव्हा खेमसिंगने ढाणकीच्या बाजारातून बोलता भोंगा आणला. लाल बटण दाबून त्यात काय ते बोलायचं, मग तो दिवसभर तेच ओरडत राहतो. रुपीबाईने त्यात आपली हाक भरली. "हेऽऽऽ हो, हो हो!" पहिला सूर लांबच लांब, नाल्याकाठच्या मोहाच्या झाडापर्यंत जाणारा, आणि शेवट खाटकन तोडलेला. वानरं त्या हाकेलाही पळत. त्यांना दगड आठवत असणार.

दिवाळीनंतर रुपीबाई वारली. हाक शेतात राहिली आणि हरभरा राखत राहिली.

तांड्यातल्या म्हाताऱ्या म्हणाल्या, गेलेल्या माणसाले कामाले लावू नये. खेमसिंगला तर ते सोसवतच नव्हतं. शेतात डवरणीला गेलं की आई पाठीमागून ओरडायची. पण त्याची मुलगी ममता सुट्टीच्या दिवशी डबा घेऊन शेताच्या धुऱ्यावर, बांधावर जायची आणि भोंग्याशेजारी बसून जेवायची. सहावीतली पोर. आईमागे तिला दादीनेच वाढवलेलं. म्हणून खेमसिंग गप्प राहिला.

मग त्याने भोंग्यात गाण्यांचं कार्ड घालायचं ठरवलं. दिवसभर एकच हाक ऐकण्यापेक्षा मधेमधे गाणी वाजतील, आपल्यालाही बरं वाटेल. मोबाइलच्या दुकानातून भरलेलं कार्ड आणलं आणि बसवताना अंगठा लाल बटणावर पडला. दुसऱ्या दिवशी भोंगा खेमसिंगच्याच आवाजात विचारू लागला, "आता हे कुठी दाबा लागते बाप्पा?" दिवसभर तेवढंच. वानरं हरभऱ्यात बसून घाटे सोलत होती.

ममता रडली नाही. माझ्या ओट्यावर संध्याकाळी दहा-बारा पोरं येतात. मी शाळेतून निवृत्त झालो, पण शिकवण्यातून काही सुटलो नाही. तीही त्यात येऊन बसली, पण पाटीवर काही लिहिलं नाही. जाताना कार्ड माझ्यापुढे धरलं.

"गुरुजी, याच्यात एक बाई हाय. कोण हाय ते पाहा ना."

कार्डात लग्नातली गाणी होती, भजनं होती, आणि दुकानात कोणी काही भरताना चुकून घुसलेला एक इंग्रजी अल्बम होता. गायिकेचं नाव डॉरीन पेलहम. माझा मुलगा संघदीप पुण्याला असतो. त्याने शोधून सांगितलं, "बाबा, इंग्लंडची बाई आहे. पन्नास वर्षांपूर्वी हा एकच अल्बम काढला, कोणी विकत घेतला नाही. मग म्हणे दवाखान्याचे कपडे धुवायच्या कामाला लागली. या गाण्याला तिकडे सोल म्हणतात. तुम्ही कुठून काढलं हे?"

"हरभऱ्यातून," मी म्हणालो.

मी गाणी पोरांना ऐकवली. शब्द कळेनात तेव्हा म्हणालो, शब्द सोडा. एका वेळी एकाच वाद्याच्या मागं जायचं. आज फक्त ढोल. उद्या ती जाड तारांची गिटार. परवा तो ऑर्गन, आपल्या पेटीचा थोरला भाऊ. गाय जशी एकाच पायवाटेनं घरी येते तसं. पोरं हसली, पण डोळे मिटून बसली. आणि खरं सांगायचं तर मीच त्या अल्बमात गुंतत गेलो. ती बाई मोठ्याने गात नाही. घरातली सगळी निजली आहेत आणि आपण भांडी आवरताना गुणगुणतोय, असा आवाज. मधेच तो असा उंच जातो की हातातलं काम थांबावं, आणि लगेच खाली येतो, जणू चुकलंच. असं गाणारीला कोणी ऐकलं नाही, याचं मला वाईट वाटत राही.

शेवटच्या आधीच्या गाण्यात ती थांबते. ऑर्गन एकच सूर धरून राहतो. इतका वेळ, की पहिल्यांदा मला वाटलं फोन अडकला. मग ती पुन्हा गाऊ लागते.

ज्या दिवशी ऑर्गनची पाळी होती त्या दिवशी ममताने डोळे उघडले ते त्या थांब्यात.

"दादी," ती म्हणाली.

बाकीची पोरं खिदळली. एकजण म्हणाला, "तुई दादी विलायतेत गेली काय गं, वांदरं हाकलाले?"

"तीच हाय. मागं, लय दूर. हेऽऽ हो म्हणते."

मी पुन्हा लावलं. कान फोनला चिकटवला. सूर होता, सुराखाली जुन्या ध्वनिमुद्रणाची खरखर होती. दुसरं काही नव्हतं.

"मला नाही ऐकू आलं, बेटा."

"तुमी बाई कवा गाईन त्याची वाट पाहून राह्यले, गुरुजी. बाईच्या मागं नोका जाऊ. ऑर्गनच्या मागं जा."

त्यानंतर ती शाळेत जायची थांबली. कार्ड माझ्याकडून नेऊन तिने भोंग्यात घातलं आणि भर दुपारी भोंगा मांडीवर घेऊन धुऱ्यावर बसायची. तेच गाणं, तोच थांबा. खेमसिंग माझ्याकडे आला तेव्हा त्याचा आवाज दबलेला होता.

"गुरुजी, पोरगी जेवत नाही. हाक मारली तं ओ देत नाही. म्हणते, थांब, दादी बोलून राह्यली. लोकं म्हणतात भगताले दाखव."

"भगत कशाला?"

"मंग तुमी सांगा तिले. तुमचंच ऐकते ते. दादी गेली म्हणून सांगा." त्याने आपल्या अंगठ्याकडे पाहिलं. "माह्या अंगठ्यानंच गेली. मी कोण्या तोंडानं सांगू?"

मी कबूल केलं. मनात हिशेब सरळ होता. कार्ड त्याच भोंग्यात होतं. जुन्या हाकेचा काही अंश त्यात उतरला असेल, पोरीचे कान तिखट आहेत. संघदीपकडून अल्बम नव्याने मागवायचा, त्या भोंग्याशी संबंध न आलेला. त्यात हाक नसणारच. ते तिला तिच्या जागेवर बसून ऐकवायचं आणि हळूच सांगायचं. एका पोरीकडून तिची आजी दुसऱ्यांदा काढून घ्यायची होती आणि ते काम माझ्याकडे आलं होतं. अल्बम आला. घरी मी तो थांबा पुन्हा पुन्हा ऐकला. नुसता सूर. काय बोलायचं ते पाठ केलं.

रविवारी दुपारी आम्ही तिघं शेतात गेलो. वारा पडलेला. मोहावर वानरांची टोळी होती, काही हरभऱ्यात उतरलेली. मी ममताला सांगितलं, हा नवा अल्बम आहे, पुण्याहून आलेला. तिने मान हलवली. माझा फोन भोंग्याला जोडून मी पहिल्यापासून लावला.

उघड्या शेतात ती गाणी वेगळीच वाटली. ढोल ढेकळांत मुरत होता. गाण्यामागून गाणं झालं, वानरं घाटे सोलत राहिली. एक थोराड नर तर आमच्यापासून हाकेवर पाठ करून बसला होता.

ते गाणं लागलं. बाई थांबली. ऑर्गनने सूर धरला.

मी ममताकडे पाहत होतो, म्हणून आधी कळलं नाही. मग जाणवलं की सोलण्याची किरकिर थांबली आहे. शेतातल्या एकूणएक वानराने मान वर केली होती. भोंग्याकडे कोणी पाहत नव्हतं. सगळ्यांची काळी तोंडं पलीकडच्या धुऱ्याकडे वळली होती, रुपीबाई गोफण घेऊन उभी राहायची तिकडे. तिथे वाळलेल्या गवताखेरीज काही नव्हतं. त्या थोराड नराने डोकं एकदम बाजूला घेतलं, दगड चुकवावा तसं. आणि सगळी टोळी आवाज न करता निघाली. मोहावरची पिल्लंसुद्धा. नाल्यात उतरली, पलीकडे गेली.

सूर अजून चालूच होता. मला वाटतं, नेहमीपेक्षा जास्त.

खेमसिंग कधी खाली बसला मला कळलं नाही. त्याने हात मातीला टेकले होते. "याडी," तो आईला म्हणाला, "याडी, माफ कर."

बाई पुन्हा गाऊ लागली.

पाठ केलेलं बोलणं मी सोडून दिलं. स्वतःला न आलेलं उत्तर आलं म्हणून मी मुलांना कधी सांगितलं नाही. म्हणालो, "ममता, मला तर काहीच ऐकू आलं नाही."

"मले मालूम हाय," ती म्हणाली. मग बापाकडे पाहून, "बा, ऊठ. रागात नाही ते. काम करून राह्यली."

त्यानंतर खेमसिंग रोज कार्डावरचा तो अल्बम लावू लागला. ममता शाळेत जाऊ लागली, कारण राखणीला दादी होती. त्या वर्षी शिवारात सगळ्यांचा हरभरा वानरांनी निम्मा केला, खेमसिंगचा मात्र पुरा घरात आला. तांड्यातल्या म्हाताऱ्या त्या शेतावरून जाताना पदर डोक्यावर घेत आणि बोलत नसत.

हरभरा काढून झाला तेव्हा ममताच मला बोलवायला आली. "चाला गुरुजी. आता राखाले काई नाही. दादीले सांगाव लागन."

रान मोकळं झालं होतं. सांडलेले घाटे वेचायला वानरं आलेली. खेमसिंगने भोंगा धुऱ्यावर ठेवला, ममताने तेच गाणं लावलं, आणि तो थांबा येण्याआधी रिकाम्या शेताकडे तोंड करून मोठ्याने म्हणाली, "दादी, झालं वो. समदं घरी आलं."

बाई थांबली. ऑर्गनने एक श्वासभर सूर धरला, आणि बाई लगेच पुढे गाऊ लागली.

मी भोंग्यावर वाकून ऐकलं. माझ्यासमोरच गाणं पुढे चाललं होतं. तो लांबलचक थांबा त्यात कुठे नव्हता. मी संघदीपला फोन लावला. "ते शेवटच्या आधीचं गाणं लाव बरं. बाई किती वेळ थांबते?"

थोड्या वेळाने तो म्हणाला, "थांबते कुठं, बाबा? श्वास घेते तेवढंच. पहिल्यापासून तसंच आहे."

मी फोन ठेवला. एकही वानर पळालं नव्हतं. ममता पलीकडच्या धुऱ्याकडे पाहत होती.

"गेली," ती म्हणाली. खेमसिंगने तिच्या डोक्यावर हात ठेवला.

गाणं संपलं. भोंगा नुसताच खरखरत राहिला. मी तो बंद करायला वाकलो, तर तिने माझा हात धरला. डोळे भरलेले होते, पण ती धुऱ्यावर नीट मांडी घालून बसली, ओट्यावर बसते तशी.

"नोका बंद करू, गुरुजी. पयल्यापासून लावा. आज बाईच्या मागं जाऊ."

मी लावलं. डॉरीन पेलहम गाऊ लागली. हळूहळू मोहाखालची वानरं वेचायची थांबली आणि आमच्याकडे तोंड करून बसली, मुठीतले घाटे तसेच धरून.