करड्या कार्डाशेजारी सृष्टी

मयुराने भरदुपारी पडदे ओढले आणि मॉनिटरच्या काचेवर रंग मोजायचा मुठीएवढा सेन्सर लटकवला. साड्यांच्या फोटोंचे रंग दुरुस्त करणं हे तिचं काम. द्वारकेतल्या या फ्लॅटमध्ये बसून ती दर महिन्याला मॉनिटर असा मोजून घ्यायची. काचेवर लाल, हिरवे, निळे चौकोन एकामागून एक उमटू लागले.

आज मात्र हे मोजणं साड्यांसाठी नव्हतं. तिची आठ महिन्यांची लेक सृष्टी आठवडाभर प्रत्येक फोटोत राखेसारखी दिसत होती.

"काल डॉक्टर काय म्हणाले?" तिचा नवरा साकेत दाराशी येऊन म्हणाला. "'बच्ची बिल्कुल ठीक है, मम्मी को सुलाइए.' मॉनिटर गंडलाय यार तुझा."

"म्हणूनच लावतेय ना नीट. त्याचाच दोष निघाला तर तू जिंकलास."

"आणि नाही निघाला तर?"

सेन्सर काढून तिने सकाळचा फोटो उघडला. साकेतच्या मांडीवर सृष्टी, शेजारी रंग तपासायचं करडं कार्ड. साकेतचा सावळा हात हुबेहूब. तिने कर्सर कार्डावर नेला. लाल, हिरवा, निळा, तिन्ही आकडे सारखे. करडा असाच असतो. मग कर्सर सृष्टीच्या गालावर नेला.

तिन्ही सारखेच.

माणसाच्या कातडीत लाल कायम वर असतो, अगदी कुणाच्याही. मयुराने मागे वळून पाहिलं. सतरंजीवर सृष्टी चमचा चावत बसली होती, गुलाबी, गुबगुबीत.

"तुझ्या फोनने फोटो काढ," म्हणत ती लेकीजवळ बसली. तिच्या गालावर उजवा हात दाबून धरला आणि मग उचलला. "हं, आता."

साकेतने फोटो मॉनिटरवर घेतला. राखाडी गालावर चार बोटं आणि एक अंगठा, एवढीच जागा गुलाबी होती. वर उचललेला मयुराचा तळवा मात्र मनगटापर्यंत करडा.

"मयू," तो कसाबसा म्हणाला, "हात... हात धुऊन ये ना."

तिने तळवा डोळ्यांसमोर धरला. नेहमीचाच दिसत होता. फक्त गार पडला होता, फ्रिजमधून काहीतरी काढल्यासारखा.

तिने सृष्टीचं झबलं काढलं. तिला छातीशी घेतलं, उघड्या पाठीवर दोन्ही हात पसरले आणि गालाला गाल लावला. सृष्टी खिदळली.

"काढत राहा फोटो. तिचा लाल वर आला की सांग."

"आणि तुझा?"

"माझ्यावर कर्सर नेऊ नकोस," मयुरा म्हणाली आणि तिला आणखी घट्ट धरलं.