धाकटीचा युनिफॉर्म

२०१५चा जून. आम्ही ठाकुर्लीला राहत होतो. माझी थोरली नात ऋजुता सातवीत जाणार होती, धाकटी श्रिया सहावीत. श्रियाला गेल्या वर्षीचा युनिफॉर्म आखूड झाला, म्हणून सूनबाईंनी, देवयानीने, तो इस्त्री करून ऋजुताच्या पलंगावर ठेवला. आम्ही पाच बहिणी. कपडे नेहमी थोरलीकडून धाकटीकडे यायचे. उलटे जाताना मी पहिल्यांदाच पाहिले.

"मी हिचे उतरलेले घालू?" ऋजुता म्हणाली.

"अगं, नव्यासारखा तर आहे," देवयानी म्हणाली.

"घाल ना ताई. ढगळच होईल तुला," श्रिया खिदळली.

ऋजुताने कात्री आणली आणि स्कर्ट उभा कापला. "केमो मी घेतली, सुया मला टोचल्या, आणि वाढतेय ही!"

ऋजुता पाच वर्षांची असताना तिच्या मेंदूत गाठ निघाली होती. ऑपरेशन, डोक्याला रेडिएशन, केमो, सगळे झाले. पोर वाचली. पण पुढे लग्नाच्या आड येईल म्हणून घरात तो विषयच बंद केला, आणि दरवर्षीची तपासणीही हळूहळू सुटली. ती वाढत नव्हती, सारखी दमायची, तर सगळे म्हणायचे, आजीवर गेलीय; मीही बुटकीच.

"पुरे झालं लपवणं. उद्याच ठाण्याला न्या तिला," आमचे हे, अण्णा, म्हणाले.

ठाण्याच्या हार्मोनच्या डॉक्टरीणबाईंनी तपासण्या करून सांगितले, "गाठ परत आलेली नाही. पण रेडिएशनमुळे वाढीचं हार्मोन कमी पडतंय, थायरॉइडही. उशीर झालाय, तरी घरीच रोज इंजेक्शन दिलं, तर अजून वाव आहे."

"श्रियाएवढी होईन?"

"तेवढी नाही. पण आत्तापेक्षा नक्की उंच."

घरी आल्यावर ऋजुता आईला म्हणाली, "टोच. पण तिला खोलीबाहेर काढ."

रोजचे इंजेक्शन सुरू झाले. श्रिया दाराबाहेर धुसफुसायची, "रोज तिलाच कुशीत घेतेस. मलाही टोच मग!"

अण्णा २०२१मध्ये गेले. देवयानी आता अशा उपचारांतून वाचलेल्या मुलांच्या आयांना फोन करून सांगते, तपासणी चुकवू नका. श्रिया पाच फूट सहा इंच झाली, पुण्यात शिकते. ऋजुता चार फूट नऊवर थांबली. पाळी यायलाही तिला औषध घ्यावे लागले. थायरॉइडची गोळी कायमची आहे. कोलशेतला नोकरी करते, तपासणीला एकटी जाते. घरचा फोटो काढायचा झाला, की अजून सगळ्यांच्या आधी खुर्ची पटकावते आणि श्रियाला म्हणते, "तू खाली बस, जमिनीवर."