शिंपल्याची बटणं

टिक्... आणि मग फरशीवरून गरगरत जाणारा तो बारीक आवाज – पलंगाच्या पायापर्यंत गेला, तिथे अडखळला आणि विझला. बटणच. पण हिरवं, चार भोकांचं, कुठल्याशा गणवेशातून उरलेलं. तिला हवी होती ती बटणं लेकीच्या, बिट्टीच्या मुठीत होती – सहाच्या सहा, शिंपल्याची, उजेडात धरली की गुलाबी झाक मारणारी – आणि मूठ घट्ट होती.

दुपार कलली होती. मशीनवर कोट तयार होता, कॉलर उलटवलेली, अस्तर नवं. नुसती बटणं नाहीत म्हणून तो छाती उघडी टाकून पडल्यासारखा दिसत होता. अंधार पडायच्या आत बाई यायच्या होत्या. शाळेतून निवृत्त झालेल्या, हळू बोलणाऱ्या. कोट देताना त्या दोनदा म्हणाल्या होत्या, बटणं माझ्या आईची आहेत, जपा हं... आणि आपण ती डावावर लावली.

सुटीच्या दुपारचा हा खेळ घरात तिनेच आणला होता. प्रत्येकाला एकेक पान, ज्याचं त्याने पाहायचं. मग बटणं लावायची, वाढवायची, नाहीतर गप पान टाकून द्यायचं. शेवटी दाखवायचं, मोठं पान जिंकलं. पैसे नाहीत म्हणजे जुगार नाही, असं भावोजींचं मत. आणि सासूबाई तर म्हणायच्या, बटणांपायी कुणाचं घर बुडल्याचं ऐकलं नाही बाई. भावोजींचं पान चांगलं असलं की ते कानाची पाळी चोळतात, हे तिनेच बिट्टीला मांडीवर घेऊन हळूच सांगितलं होतं. तोंडावर काही दिसू द्यायचं नाही, हेही. भुवई नाही, ओठ नाही, आवंढासुद्धा नाही... आणि पोरीने ते असं उचललं, असं उचललं की आज जेवणानंतर तासाभरात काकाला आणि आजीला साफ धुऊन काढलं! वहिनी, पोरीला शिवण शिकवताय की खिसे कापायला, असं भावोजी उठता उठता कुरकुरले. ‘आईवर गेलीय,’ सासूबाई म्हणाल्या.

आईवर गेलीय! कुणी छातीवर बिल्ला लावावा तसं वाटलं तिला. त्या भरात, आपल्या वाट्याची बटणं संपलेली असताना, हातात राजा असताना – राजा! – तिचा हात मशीनजवळच्या बशीत गेला. क्षणापुरतीच तर लावायची होती, लगेच परत येणारच होती... बिट्टीने चुन्याच्या भिंतीसारख्या कोऱ्या चेहऱ्याने एक्का खाली ठेवला.

‘दे बघू आता ती. बाईंची आहेत.’

‘हरलेलं परत मागायचं नाही. तूच काकाला म्हणालीस.’

‘बरोबर बोलतेय ती,’ सासूबाई पलंगावरून म्हणाल्या. त्या भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या, झोपल्या नव्हत्या.

मूठ सोडवता आली असती. कात्री, साबण, मातीची ढेकळं – या मुठीतून तिने काय काय सोडवलं होतं. पण आज हात पुढे होईना. पोर नियमाला धरून होती, आणि नियम आपला होता. आणि खरं सांगायचं तर – एवढी ताठ बसलेली ती बघून आतून काहीतरी फुलत होतं.

‘खेळ माझ्याशी. जिंकलीस तर घे,’ बिट्टी म्हणाली.

‘माझ्याकडे लावायला काय उरलंय? हे बोटातलं अंगुस्तान?’

बिट्टीने मान हलवली. पत्ते पिसताना तिच्या हातून निम्मे सांडत होते, ती गोळा करून पुन्हा पिसत होती. ‘एक दिवस लाव. मशीन बंद. सकाळपासून मी झोपेपर्यंत.’

सुई नखाखाली शिरावी तसं झालं. ‘बरं,’ ती म्हणाली.

तिच्या हातात चौकटची सत्ती आली. बिट्टीने आपलं पान पाहिलं, पालथं ठेवलं, शिंपल्याची बटणं पुढे सरकवली, आणि मग जिंकलेल्या बटणांचा अख्खा डबाच उचलून त्यांच्याशेजारी ठेवला. ‘वाढवलं. दोन दिवस.’

तिने त्या चेहऱ्यावर शोधलं. भुवई... ओठ... गळ्याची ती नाजूक शीर. काही नाही. कोण ही? माझ्याच पोटची ना? किती छान खोटं बोलता येतंय हिला – की खरंच बोलतेय? – आणि भीतीच्या आधी अभिमानच वर आला, दूध उतू जावं तसा. मग नजर खाली गेली. फ्रॉकच्या घेराखाली डाव्या पायाचा अंगठा शेजारच्या बोटावर घासत होता. हळू, एका लयीत.

बाहुलीचा हात मी नाही मोडला, म्हणतानाचा अंगठा. शाळेच्या सकाळी पोट दुखतंय, म्हणतानाचा अंगठा. जगात हे कुणाला ठाऊक नव्हतं, तिच्या बापालाही नाही. शिकवताना हे एवढंच तिने सांगितलं नव्हतं.

‘दाखव.’

किलवरची तिर्री.

बिट्टी रडली नाही. तिने सहा बटणं एकेक करून बशीत ठेवली. तळव्यावर त्यांचे गोल वळ उमटले होते. हरावं तर असं, तिला वाटलं – आणि लगेच जाणवलं की आपली बोटं पत्त्यांकडे वळलीत, जिंकल्याची गोडी जिभेवर आहे, अजून एक डाव चालेल... दोन दिवस जिंकलो आपण. म्हणजे हिच्यासोबतचे घालवले. उद्या मशीनवर चादर टाकता येईल, कोण अडवतंय. पण ही ते घेणार नाही. हरलेलं परत घ्यायचं नाही.

तिने दोरा ओवला. पहिलं बटण कोटावर बसलं. बिट्टी सरकत जवळ आली, आईच्या गुडघ्यावर हनुवटी टेकून तिचं तोंड न्याहाळू लागली – भुवई, ओठ, गळा – शिकवलं होतं अगदी तस्सं.

‘माझं तोंड तर हललं नव्हतं.’

‘नाही. मुळीच नाही हललं.’

सांगितलं, तर तो अंगठा उद्यापासून गप्प बसेल. आणि मग एखाद्या सकाळी ही दारातून हसत आत येईल, काही नाही झालं म्हणेल, आणि मला कळायचं नाही... दोरा दातांत तसाच राहिला. नकळत तिने आपली पावलं अंगाखाली ओढून घेतली.

‘मग आई, तुला कसं कळलं?’