वळणगावचा नकाशा

घरात दोन सुना, म्हणून धाकटीला सगळे धाकटी म्हणत. थोरली नोकरीपायी दूरच्या शहरात जाऊन आठ वर्षं झाली, तरी हिचं नाव काही मोठं झालं नाही. चाळिशीला टेकलेली, चष्मा लागलेली, दोन कंपन्यांत नोकऱ्या करून शेवटी घरातल्याच खोलीत टेबल मांडून बसलेली बाई; पण सासूबाईंची हाक यायची ती "अगं धाकटे" अशीच.

त्या टेबलावर ती ॲप बनवायची. पोटापाण्यासाठी दवाखान्यांच्या वेळा सांभाळणारी, नृत्यशाळेची हजेरी घेणारी. आणि जिवासाठी म्हणून एकच बनवलं होतं: टपालताईचं.

टपालताई म्हणजे मुलांच्या चित्रगोष्टींतली बाई. छत्तीस पुस्तकं. वळणगाव नावाच्या गावात ती सायकलवरून पत्रं वाटते आणि प्रत्येक पत्रातून नवी भानगड उभी राहते. वळणगावात सरळ रस्ता एकच, आणि तोही दुरुस्तीसाठी बंद. धाकटी सात वर्षांची असताना मांडीच्या हाडाचं दुखणं निघालं आणि सात महिने ती इस्पितळातल्या खाटेला खिळली. वॉर्डातल्या कपाटात या मालिकेतली अकरा पुस्तकं होती, तीही पानं गळालेली. उठून चालता येत नव्हतं, मग ती वळणगावात हिंडायची. तापाच्या तक्त्यामागच्या पाठकोऱ्या कागदावर तिनं त्या गावाचा नकाशा काढायला घेतला. नर्सनं पाहिलं, रागावली नाही, उलट दुसरा कागद आणून दिला.

तोच नकाशा तीस वर्षांनी ॲप होऊन बसला. ज्या घरावर बोट ठेवाल त्यात कोण राहतं, ते माणूस कोणत्या पुस्तकात कितव्या पानावर भेटतं, सगळं त्यात होतं. रस्त्यावरून बोट फिरवलं की टपालताईची सायकल घंटी वाजवत पुढे जायची. ॲप फुकट, जाहिरात एकही नाही. चारेक हजार माणसं ते वापरत, त्यांतली निम्मी तरी नातवंडंवाली होती, आणि याचं धाकटीला फार अप्रूप.

पहिल्या वाचकाचा मान मात्र सासूबाईंचा. एकतीस वर्षं छापखान्यात मुद्रितशोधक म्हणून काढलेल्या. इतरांना गोष्ट दिसायची तिथे त्यांना आधी सुटलेला अनुस्वार दिसायचा. निवृत्तीनंतर त्या रिकाम्या डोळ्यांना सुनेनं काम पुरवलं. "घंटाघर एकदा जोडून लिहिलंयस, एकदा तोडून. काय ते एक ठरव," असं म्हणत म्हणत त्यांनी सगळा नकाशा चाळून काढला, आणि त्या नादात छत्तीसच्या छत्तीस पुस्तकंही वाचली.

एका सकाळी दोघी मटार सोलत बसल्या होत्या. धाकटीचा फोन वाजला, तिनं ओल्या बोटानं तो उघडला आणि तिच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"काय झालं गं?" सासूबाईंनी विचारलं.

"आई, टपालताईच्या प्रकाशकांच्या वकिलांची नोटीस आहे. कॉपीराइटचा भंग म्हणतात. चौदा दिवसांत समाधान झालं नाही तर ॲप काढून टाकणार."

सासूबाईंनी चष्मा बदलला. "छापून दे. फोनवर मला धड वाचता येत नाही."

तीन पानं छापून आली. सासूबाई लाल पेन्सिल घेऊन बसल्या आणि अर्ध्या तासानं मान वर केली. "सात चुका आहेत. 'विनापरवानगी' दोन ठिकाणी दोन तऱ्हांनी. 'अशील' ऱ्हस्व."

"आणि मजकूर?"

"मजकूर बरोबर आहे," सासूबाई म्हणाल्या. "शुद्धलेखन चुकलंय ते त्यांचं. चूक आपली आहे."

धाकटीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. नोटिशीपेक्षा तिला हे लागलं. दोनशे चौदा चित्रं तिनं पुस्तकांतून उचलली होती, हे खरंच होतं. नाव त्यांचं, वाक्यं त्यांची, हेही खरं. पण कुणाचं नुकसान करायचं म्हणून तिनं काही केलं नव्हतं. संध्याकाळी नवरा घरी आला. तो लिफ्ट दुरुस्त करायचा, आणि त्याचं मतही लिफ्टसारखंच असायचं, एकदम वर नाही तर एकदम खाली. "देऊन टाक उलट उत्तर!" तो म्हणाला. "लोकांना त्यांची पुस्तकं आठवतात ती तुझ्यामुळे. खरं तर त्यांनी आभार मानायचे."

ॲप वापरणाऱ्यांना बातमी कळली तेव्हा तेही असंच म्हणू लागले. लढा, आम्ही पाठीशी आहोत, सह्या गोळा करतो. एका निवृत्त मास्तरांनी तर चार परिच्छेदांचं आवाहन लिहून पाठवलं. दोन दिवस धाकटीला बळ आलं. तिनं उत्तराचा एक कडक मसुदा तयार केला आणि तपासायला म्हणून सासूबाईंपुढे ठेवला.

सासूबाईंनी पेन्सिल उचललीच नाही. "मी आयुष्यभर दुसऱ्यांची पानं वाचली. हजारो चुका काढल्या, कित्येक वाक्यं मी होते म्हणून उभी राहिली. पण कधी एका पुस्तकावर माझं नाव घालावं असं मनात आलं नाही. जीव लावला म्हणून वस्तू आपली होत नाही, धाकटे."

"मग काय करू? सगळं पुसून टाकू?"

"त्यांचं आहे ते त्यांना दे. मग तुझं काय उरतं ते बघू."

धाकटी रुसली. जेवण झाल्यावर भांडी जरा आपटलीच. पण सकाळी उठून तिनं ॲपमधली चित्रं एकेक करून काढायला घेतली. दुपारपर्यंत दोनशे चौदाही गेली. पडद्यावर उरल्या नुसत्या रेघा, चौकोन आणि क्रमांक. मग तिनं प्रकाशकांना साधं पत्र लिहिलं: चित्रं काढून टाकली आहेत, विचारायला हवं होतं, चुकलं. बाकीच्याबद्दल भेटून बोलता येईल का?

तीन दिवसांनी बोलावणं आलं.

"मीही येते," सासूबाई म्हणाल्या.

"आई, तीन मजले चढायचे आहेत. तिथली लिफ्ट बंद असते म्हणे."

"मग तुझ्या नवऱ्यालाही घेऊ," असं म्हणून त्यांनी चपला घातल्यासुद्धा. नवरा काही आला नाही, पण सासूबाई प्रत्येक मजल्यावर दम खात पोचल्या.

कचेरीच्या भिंतींना छतापर्यंत पुस्तकांचे गठ्ठे टेकलेले. लांब टेबलाच्या एका टोकाला प्रकाशनाच्या व्यवस्थापक, मऊ बोलणाऱ्या बाई. शेजारी तरुण वकील. आणि खिडकीपाशी पाठ करून बसलेले एक म्हातारे गृहस्थ, कानात यंत्र, बोटांना शाईचे डाग. ते टपालताईचे चित्रकार होते. गोष्टीही त्यांच्याच. वय एक्याऐंशी.

वकिलानं कागद उघडायच्या आत म्हातारे वळले. "ती बाई तुम्हीच का?"

"हो," धाकटी म्हणाली.

"माझी टपालताई सायकलवर डावीकडून चढते. पिशवी उजव्या खांद्याला. छत्तीस पुस्तकांत एकदासुद्धा खांदा बदललेला नाही. तुमच्या त्या यंत्रात ती परतीला निघाली की पिशवी डाव्या खांद्यावर!"

धाकटीला उमगलं आणि तिचे कान तापले. सायकल परत फिरताना दाखवायची म्हणून तिनं चित्र नुसतं उलटं केलं होतं, आरशात दिसतं तसं. कोडमधली एक ओळ.

"आणि कापलीत तिला," म्हाताऱ्यांचा आवाज खाली आला. "मी तिच्यामागे एक पूर्ण सकाळ काढली होती. धुकं, कुंपण, कुंपणावरचं मांजर. तुम्ही कात्री लावलीत आणि नुसती बाई उचललीत. नातीनं दाखवलं मला. मी म्हटलं, ही कोण? हिला तर मी ओळखत नाही."

नोटीस प्रकाशकांची असली तरी दुखलं कुणाला होतं, ते आता धाकटीला कळलं. तयार करून आणलेलं भाषण तिनं सोडून दिलं. "माझं चुकलं," ती म्हणाली. "मला वाटायचं, मी तिला फिरायला नेतेय."

मग व्यवस्थापक बाईंनी विचारलं, "चित्रं काढल्यावर उरलं काय, ते दाखवता का?"

तिनं लॅपटॉप उघडला. रेघा, चौकोन, क्रमांक. म्हातारे कपाळाला आठ्या घालून जवळ आले.

"हा नकाशा कुठून घेतलात? मी तर कधी काढला नाही."

"तुमच्याच चित्रांतून जुळवला. नवव्या पुस्तकात संध्याकाळी घंटाघराची सावली औषधवाल्याच्या दारात पडते. म्हणजे तो पूर्वेला. आणि विसाव्यात शिंपीणबाईंना खिडकीतून औषधवाल्याचं मागचं दार दिसतं, म्हणजे त्यांचं घर इथे." ती दाखवत गेली तसा तिचा आवाज सुटत गेला. खाट, कपाट, तापाचा तक्ता, सगळं ओघानं सांगून झालं. म्हाताऱ्यांचं बोट तिच्या बोटामागून वळणगावात फिरत होतं.

"मी आपला मनाला येईल तसं घर काढत गेलो," ते पुटपुटले. "आणि ते सगळं बसतं?"

"एक पूल सोडून," सासूबाई म्हणाल्या.

सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं.

"बाकी सर्व पुस्तकांत पुलाला चार कमानी आहेत. बाविसाव्यात तीन."

"एक पुरात वाहून गेली," म्हातारे तडकाफडकी म्हणाले.

"तसं छापलेलं नाही. आणि तेविसाव्यात परत चार आहेत."

"बांधली मग!"

"एका पुस्तकात? तो एक रस्ता छत्तीस पुस्तकांत दुरुस्त झाला नाही, आणि कमान लगेच झाली?"

म्हातारे खोकल्यासारखे हसायला लागले. हसता हसता कानातलं यंत्र शिट्टी मारू लागलं, ते त्यांनी काढून खिशात टाकलं. वकील तेवढा गंभीर राहिला, कारण त्याचं काम तेच होतं.

चहा आला आणि पुढचं बोलणं वकिलानंच केलं, चांगलं स्पष्ट केलं. चित्रं परत मिळणार नाहीत. ती छापण्याचे हक्क केव्हाच प्रकाशनाला दिलेले, म्हाताऱ्यांच्या मनात आलं तरी त्यांच्या हातात नाही. पुस्तकांतली वाक्यं नकोत. ॲपच्या नावात टपालताई नको. पण नकाशा धाकटीनं स्वतः काढलेला. तो, घरांचे क्रमांक आणि पुस्तक-पानाचे उल्लेख राहू देत. पहिल्याच पडद्यावर मूळ निर्माते कोण ते ठळक लिहायचं. गावाचं नाव वापरायला प्रकाशन लेखी परवानगी देईल, आणि प्रत्येक नवी आवृत्ती आधी त्यांना दाखवायची.

"मसुदा मला पाठवा," सासूबाई वकिलाला म्हणाल्या. "तुमच्या नोटिशीत सात चुका होत्या." त्यांनी पर्समधून लाल खुणांची तीन पानं काढून त्याच्यापुढे सरकवली. त्यानं ती वाचली, लाजला, आणि घडी घालून फाईलमध्ये ठेवली.

परत येताना जिन्यात धाकटीनं त्यांचा हात धरला. "आई, रागावले होते मी तुमच्यावर."

"माहीत आहे. माझी आवडती बशी फोडलीस."

नवं ॲप आलं तेव्हा सगळेच खूश झाले असं नाही. सायकल गेली, घंटी गेली, रंग गेले. हजारभर माणसं आठवडाभरात निघून गेली. निवृत्त मास्तरांनी लिहिलं, तुम्ही हत्यारं टाकलीत. धाकटीला वाईट वाटलं. तिनं त्यांना उत्तर लिहिलं की हत्यारं माझी नव्हतीच. मास्तरांचं त्यावर काही आलं नाही, पण ॲप त्यांनी ठेवलं, हे तिला दिसत होतं. हळूहळू काही वाचनालयांनी मुलांना ते दाखवायला सुरुवात केली. मुलं क्रमांक बघून पुस्तक शोधायची, पान उघडायची, आणि मग ते धुकं, ते कुंपण, ते मांजर जिथल्या तिथे बघायची.

तीन महिन्यांनी एका दुपारी धाकटीचा फोन वाजला. म्हातारे होते. बारा वर्षांनी पुन्हा हात शिवशिवले होते, सदतिसावं पुस्तक काढायला बसले होते.

"जरा तुमचं यंत्र उघडा," ते ओरडले, कारण त्यांना स्वतःचा आवाज ऐकू येत नसे. "कुंभाराच्या माडीवरून नदी दिसते का?"

धाकटीनं नकाशा उघडला, बोट ठेवलं. "नाही दिसत. मध्ये शाळा येते."

"अरे देवा. मला तर तो चोर होडीतून पळताना दिसायला हवा आहे." तिकडे पेन्सिल टेबलावर वाजत राहिली. "मग शाळा पाडू का?"

"अजिबात नाही!" आतल्या खोलीतून सासूबाईंचा आवाज आला. "एकतिसाव्या पुस्तकात तिला नवीन छप्पर घातलंय!"

"काय म्हणाल्या त्या?" म्हाताऱ्यांनी विचारलं.

धाकटीनं हसू दाबलं आणि फोन घेऊन ती आत गेली. "तुम्हीच बोला, आई," असं म्हणून तिनं तो त्यांच्या कानाला लावला.