पंचवीसचं इंजिन, टापचा पंखा

पुरासाठी नुसती होडी, तुमच्या भाषेत बोट, देऊन हात झटकलेत, साहेब. इंजिन मागितलं तर खाली कागद धाडलात: 'योग्य इंजिन व पंखा गावाने निवडावा.' योग्य कशाला म्हणायचं, हे तुम्ही सांगितलं नाही आणि आम्हाला ठाऊक नव्हतं. आमच्या गावाचा पाण्याशी संबंध ऊस भिजवण्यापुरता. मग गावानं निवडायला धाडला कोण? तर नाथाजी! का, तर फौजेत होता म्हणून. होता खरा, पण वाळवंटात. तिथं त्यानं पाणी पाहिलं ते टँकरमधलं.

नाथाजीचं घर उंचावर, पण सासू बनुबाई नदीकाठच्या मळीत, सखल रानातल्या वस्तीत राहायची. गेल्या महापुरात म्हातारीला गुळाच्या काहिलीत बसवून पोरांनी पोहत, ढकलत आणली होती. तेव्हापासून तिची कंबर धरलेली. "बुडाले तरी चालंल, पर पुन्यांदा काहिलीत बसायची न्हाई," असं तिनं बजावलं होतं. म्हणून नाथाजीची बायको रंगूबाई पूर यायच्या आत बोट चालू करा म्हणून हात धुऊन मागं लागलेली.

सांगलीच्या इंजिनाच्या दुकानात दुकानदार कृष्णातनं सरळ विचारलं, "माणसं किती बसणार? वजन किती?"

"ते ऱ्हाऊ दे गड्या. पळती किती, ते सांग."

नाथाजीला चाळीसचं इंजिन हवं होतं. दारात ट्रॅक्टर पंचावन्न हॉर्सपॉवरचा आणि बोट पंचवीसची? पावण्यांत काय इज्जत राहील? पण बोटीच्या मागच्या फळीला पंचवीसच्या वर पेलणार नव्हतं. तसं तिच्यावर ठोकलेलंच होतं. मग गेलेली इज्जत त्यानं पंख्यात भरून काढली. पात्यांना जास्त पीळ असलेला पंखा उचलला, कारण तो एका फेऱ्यात बोट लांब फेकतो.

"दोघंच बसणार असाल तर न्या," कृष्णात म्हणाला. पण फौजी माणूस आदेश ऐकतो, सल्ला नाही.

घाटावर नारळ फुटला, हलगी वाजली. नाथाजी आणि सरपंच धैर्यशील बसले आणि बोट अशी सुटली की सरपंचाची टोपी नदीनंच घेतली. पोरांनी शिट्ट्या मारल्या. नाथाजीनं उभं राहून काठाला सलाम ठोकला.

"मिरवून झालं आसंल तर मळीतली माणसं बसवून दावा," रंगूबाई म्हणाली.

आठ जण चढले. ऊसपट्ट्यातली माणसं, दुधातुपावर पोसलेली. इंजिन गुरगुरलं, धूर ओकलं, पण बोट धारेवर चढेचना. बोटीचं तोंड आभाळाकडं, बूड पाण्यात. धारेनं तिला खाली ओढत नेली आणि बाभळीत अडकवली. शेवटी दोर लावून, चिखलात रुतलेली म्हैस काढावी तशी काढली. मघाशी सलाम ठोकणारा नाथाजी आता दोर धरून कमरेएवढ्या पाण्यात.

"आवं, दोन ट्रॉल्या ऊस भरल्यावर ट्रॅक्टर टापच्या गेरात उचलता व्हय तुमी?" रंगूबाईनं काठावरून विचारलं.

गाव खदाखदा हसलं. नाथाजी गाळात तसाच उभा. अर्धी हयात कारखान्याच्या चढाला लो गेर टाकण्यात गेली आणि पाण्यात उतरताना अक्कल चपलांबरोबर काठावर ठेवली! पंख्याचा पीळ म्हणजे तरी दुसरं काय? गेरच की रं, गाढवा!

दुसऱ्या दिवशी तोंड लपवत तो सांगलीला गेला आणि कमी पिळाचा पंखा घेऊन आला. आता बोट भरल्या पोटानं धारेवर चढते, पण गाभण म्हशीगत, सावकाश. आधी बनुबाई, मग बाकीची वस्ती, मग शेरडंकरडं: पहाटे लागलं तर दिवस मावळेल. वेगाचा माज होता तोवर नाथाजीनं हा विचारच केला नव्हता.

आमची चूक आम्ही चारचौघांत दोर ओढून निस्तरली, साहेब. आता तुमची पाळी. आम्हाला अख्खा दिवस लागतो, आणि धरणाचे दरवाजे उघडल्याचं मळीला कळतं ते पाणी उंबऱ्याला लागल्यावर. यंदा पाणी सोडायच्या किती आधी सांगणार? बघतो, कळवतो नको. उत्तर द्या.